अपग्रेडनंतर सर्व्हर 'इमर्जन्सी मोड'मध्ये: पुसून टाकायची घाई नको

घरच्या सर्व्हरवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) ११ वरून १२ वर गेलात, रीबूट केलंत, दीड मिनिट कशाची तरी वाट बघून सर्व्हर 'इमर्जन्सी मोड'वर (फक्त दुरुस्तीपुरत्या अवस्थेत) थांबला, आणि आता मुलगा म्हणतोय सगळं नव्याने इन्स्टॉल करूया. त्याला आधी थांबवा.

ते दीड मिनिट हीच खूण आहे. एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना जोडायच्या डिस्कच्या यादीत, लिहिलेली डिस्क सापडली नाही, की सिस्टमडी (बूट होताना बाकी सगळं सुरू करणारा प्रोग्राम) ९० सेकंद तिची वाट बघतो आणि मग हात वर करतो. म्हणजे ग्रब (बूटचा मेनू), कर्नल (सिस्टमचा गाभा), रूट (सिस्टम असलेलं मुख्य विभाजन) सगळं ठीक आहे. दोष अपग्रेडचाच असेल असंही नाही. घरचा सर्व्हर सहा-सहा महिने चालूच असतो. अपग्रेडमुळे तो पहिल्यांदा रीबूट होतो आणि जुनं दुखणं वर येतं.

माझंच सांगतो. गणपतीला आलेला मुंबईचा भाऊ फोटो भरून यूएसबी डिस्क घेऊन गेला. एफएसटॅबमधली तिची ओळ तशीच राहिली. घरी इन्व्हर्टर, त्यामुळे गुहागरची वीज कितीही गेली तरी सर्व्हर काही बंद पडला नाही. दिवाळीनंतर अपग्रेड केला आणि रात्रभर कर्नलला शिव्या घालत बसलो. डिस्क तिकडे डोंबिवलीत!

तर रूट नावाच्या मुख्य अ‍ॅडमिन खात्याचा पासवर्ड देऊन आत शिरा. 'जर्नलसीटीएल -एक्सबी'मध्ये (बूटच्या नोंदींत) कुठलं माउंट, म्हणजे डिस्क जोडणं, फसलं ते दिसेल. रूट खातं लॉक असल्याचं सांगून आतच घेत नसेल, तर ग्रबच्या मेनूत 'ई' दाबून 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'आरडब्ल्यू इनिट=/बिन/बॅश' जोडा. मग 'एलएसबीएलके -एफ'चे यूयूआयडी (डिस्कच्या विभाजनांचे ओळख क्रमांक) एफएसटॅबशी ताडून बघा. तिथे 'एसडीबी', 'एसडीसी' अशी नावं असतील तर ती काढून यूयूआयडी लिहा, कारण डिस्क ज्या क्रमाने सापडतात तशी ही अक्षरं बदलतात. डेटाच्या डिस्कना 'नोफेल' (डिस्क नसली तरी बूट अडवू नको, असा पर्याय) द्या, रूटच्या विभाजनाला नाही.

'नोफेल'ची एक खोड मात्र आहे. डिस्क नसली तरी सर्व्हर मुकाट सुरू होतो आणि रात्रीचा बॅकअप रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे रूटच्याच डिस्कवर, पडत राहतो. म्हणून डिस्क अनमाउंट असताना त्या फोल्डरला 'सीएचएटीटीआर +आय' लावून ठेवा, म्हणजे त्यात काही लिहिताच येणार नाही.

रेड (अनेक डिस्क मिळून केलेला एक संच, म्हणजे अ‍ॅरे) असेल आणि अ‍ॅरे अचानक 'एमडी१२७' नावाने दिसत असेल, तर 'एमडीएडीएम --डिटेल --स्कॅन'मधल्या ओळी एमडीएडीएमच्या कॉन्फमध्ये घालून 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू' चालवा. '--क्रिएट'ला (नवा संच बनवणाऱ्या पर्यायाला) काही झालं तरी हात लावू नका, डेटा त्यानेच जातो.

स्क्रीनवर 'इनिटरॅमएफएस' (रूटचं विभाजन जोडण्याआधीचा छोटा टप्पा) असा प्रॉम्प्ट असता तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा ग्रबच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुना कर्नल निवडायचा आणि बूट विभाजन भरलंय का ते बघायचं.

रीबूटआधी 'माउंट -ए' चालवून एफएसटॅबमधल्या डिस्क जोडून बघा, एकही एरर येता कामा नये. तरी अडलात तर एफएसटॅब आणि 'एलएसबीएलके -एफ'चं आउटपुट पाठवा. मोबाइलवर काढलेला फोटोही चालेल.