सातपूरच्या वर्कशॉपमध्ये रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला एडीएक्सएल ३५५ हा कंपन मोजणारा सेन्सर लावलाय. लेथच्या कंपनांचा डेटा लॅपटॉपवर सलग हवा, तर ड्रायव्हर लिहावा लागेल का?

नाही, या सेन्सरचा ड्रायव्हर लिनक्सच्या आयआयओ (सेन्सर हाताळणाऱ्या) विभागात आधीपासून आहे. डिव्हाइस ट्रीमध्ये (जोडलेल्या हार्डवेअरची कर्नलला दिलेली यादी) सेन्सरची नोंद करा, नवा नमुना तयार झाल्याचं कळवणारी डीआरडीवाय पिन जोडा आणि वर डेटा वाचायची लिबआयआयओ ही लायब्ररी टाका. रास्पबेरी पायवर तिचा, नेटवर्कवरून डेटा देणारा आयआयओडी सर्व्हर चालू ठेवायचा, लॅपटॉपवरून ३०४३१ पोर्टला जोडून पायथनने बफर वाचायचा. सिसएफएसच्या (कर्नल सेन्सरचे आकडे जिथे फाइल म्हणून दाखवतो त्या) फाइली पुन्हापुन्हा वाचत बसू नका: एका वाचनात एकच आकडा येतो, मधले नमुने निसटतात आणि बेअरिंगची कुरकुर नेमकी त्यातच असते. बफरमध्ये कर्नल नमुने साठवून गठ्ठ्याने देतो. (द्राक्षबागेतला हळूहळू बदलणारा ओलावा मोजायचा असता तर सिसएफएस पुरलं असतं.) मात्र आयआयओडीला ना पासवर्ड, ना एन्क्रिप्शन. वर्कशॉपच्या वायफायपुरतं चालेल. गंगापूर रोडच्या घरून बघायचं असेल तर एसएसएच टनेलमधूनच (पासवर्ड किंवा कीने उघडणाऱ्या, एन्क्रिप्टेड जोडणीतून) जा.