बेंचवरून : विमानाच्या तारेला लॅपटॉप जोडताना

या महिन्यात आलेली चार पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतात, ती म्हणजे विमानातल्या डेटा बसला, म्हणजे उपकरणं ज्या तारांवरून एकमेकांना माहिती पाठवतात त्यांना, साधा संगणक जोडण्याचं हार्डवेअर. म्हणून बॅटरी आणि हेडसेटचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले आहेत. माझी सत्तावीस वर्षं एव्हिऑनिक्सच्या, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या, बेंचवर गेली. त्यातली बरीचशी अशी कार्डं लावण्यात आणि दुसऱ्यांनी लावलेली निस्तरण्यात गेली, त्यामुळे या विषयावर जरा सविस्तर लिहिते.

मॅडम, मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी कॉलेजला जुन्या विमानातून काढलेला एअर डेटा कॉम्प्युटर (हवेच्या दाबावरून उंची आणि वेग काढणारा डबा) मिळालाय. २८ व्होल्ट दिले की तो चालू होतो. माहिती एरिंक ४२९ या विमानातल्या डेटा बसवर बाहेर येते असं कागदावर आहे. दोनच तारा दिसल्या म्हणून बर्डीवरून यूएसबी ते आरएस-४८५ कन्व्हर्टर आणला. स्क्रीनवर नुसता कचरा येतो. वेग बदलून पाहिला, तारा उलट्या करून पाहिल्या. काय चुकतंय? आणि प्रोजेक्ट जमला तर ओळखीने खऱ्या विमानाला लावून बघता येईल का?
*– एक विद्यार्थी, प्रताप नगर*

दोन तारा पाहिल्यास आणि ओळख पटली असं धरून चाललास, तिथे चुकलं. तारा दोनच असल्या तरी त्यांच्यावरची बोली वेगळी आहे.

आरएस-४८५ वर दोनच अवस्था असतात, एक किंवा शून्य. एरिंक ४२९ वर तीन असतात. दोन तारांमधला फरक अधिक १० व्होल्ट झाला की ‘एक’, उणे १० झाला की ‘शून्य’, आणि प्रत्येक बिटच्या उत्तरार्धात तो फरक परत ० व्होल्टवर येऊन थांबतो. त्या थांब्यावरूनच ऐकणाऱ्याला बिट कुठे संपला ते कळतं, म्हणून घड्याळाची वेगळी तार लागत नाही. तुझ्या कन्व्हर्टरला हा थांबा समजत नाही. तो त्याला कधी एक मानतो, कधी आधीचंच धरून बसतो. शिवाय त्याला दर आठ बिटांच्या आधी स्टार्ट बिट हवा आणि नंतर स्टॉप बिट. इथे ३२ बिटांचा शब्द सलग येतो आणि दोन शब्दांमध्ये किमान चार बिटांइतकी शांतता असते. वेग बदलून किंवा तारा उलटवून यातलं काहीच सुधारणार नाही.

मला खरी काळजी वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. अशा बऱ्याच कन्व्हर्टरांवर १२० ओमचा रोध आधीच डकवलेला असतो. एरिंक ४२९ च्या लाइनीवर टर्मिनेटर, म्हणजे टोकाला लावायचा रोध, नसतो. तिथे ऐकणाऱ्याने लाइनीवर भार टाकायचाच नाही, त्याचा रोध किमान १२ हजार ओम हवा. बोलणाऱ्याचा आतला रोध ७५ ओमच्या आसपास असतो. त्याच्यापुढे १२० ओम लावलेस की १० व्होल्टांचे सहा व्होल्ट आणि वर थोडेच उरतात, आणि ‘एक’ ओळखायला ऐकणाऱ्याला साडेसहा लागतात. म्हणजे तुला तर ऐकू येत नाहीच, त्याच लाइनीवरचे बाकीचे डबेही बहिरे होतात. तुझ्या टेबलावर बाकीचं कोणी नाही म्हणून निभावलं. विमानात एका बोलणाऱ्यामागे वीसपर्यंत ऐकणारे असू शकतात. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. ओळखीने, रविवारी, पाच मिनिटांसाठी, कशासाठीही खऱ्या विमानाला काही जोडायचं नाही. ते काम मंजूर कागद, मंजूर उपकरण आणि सही करणारा परवानाधारक माणूस यांचं आहे. ज्या काकांच्या किंवा मित्राच्या ओळखीने आत जाशील, त्याची नोकरी जाईल.

आता करायचं काय ते सांगते. कन्व्हर्टर काढून ठेव. कॉलेजचा ऑसिलोस्कोप घे, दोन प्रोब दोन तारांवर लाव आणि स्क्रीनवर दोन्हींचा फरक काढ. तीन पायऱ्यांचं चित्र दिसलं पाहिजे. एका बिटची रुंदी मोज. १० मायक्रोसेकंद आली तर लाइन १०० किलोबिटची, ८० आली तर १२.५ ची. हे चित्र दिसेपर्यंत एक रुपयाही खर्च करू नकोस.

त्यानंतर एरिंक ४२९ साठीच बनवलेली चिप घे. होल्ट कंपनीची एचआय-३५८५ मी वापरली आहे. ती एसपीआय नावाच्या जोडणीने कुठल्याही मायक्रोकंट्रोलरला जोडता येते. आत एक रिसीव्हर आहे, एक ट्रान्समीटर आहे आणि दोघांना ३२-३२ शब्दांचा फिफो आहे, म्हणजे आधी आलेला शब्द आधी बाहेर काढणारी साठवणीची रांग. ट्रान्समीटरच्या पिना मोकळ्या सोड, त्यांना तार लावूच नकोस. १०० किलोबिटवर शांततेसकट एक शब्द ३६० मायक्रोसेकंदांचा होतो. लाइन भरून वाहत असेल तर फिफो अकरा-बारा मिलिसेकंदांत काठोकाठ होईल, म्हणून वाचायचं काम मायक्रोकंट्रोलरकडे ठेव आणि प्रत्येक शब्दावर वेळेचा शिक्काही त्यालाच मारू दे. लॅपटॉप मधेच दुसऱ्या कामात गुंततो. त्याच्या घड्याळावर भरवसा ठेवलास तर आलेख दातेरी दिसेल आणि तू विनाकारण डब्याला दोष देशील.

पुढे तू कुठे अडशील तेही आताच सांगून ठेवते, कारण तिथे सगळेच अडतात. शब्दाचे पहिले आठ बिट म्हणजे लेबल, आत कसली माहिती आहे ते त्यावरून कळतं. उंचीचं लेबल अष्टमानात (फक्त ० ते ७ आकडे वापरून) २०३ असतं. तुला कदाचित ३०१ दिसेल. चिप बिघडलेली नाही. लेबलाचे आठ बिट मोठ्याकडून छोट्याकडे येतात आणि बाकीचा शब्द छोट्याकडून मोठ्याकडे. २०३ म्हणजे १०००००११, ते उलटं वाचलं की ११०००००१, म्हणजे ३०१. आठ बिट फिरवून घेतलेस की लेबल जागेवर येईल. त्यानंतर उंची. २०३ मध्ये १ फुटाचा बिट बारावा असतो, अकरावा रिकामा. अकराव्यापासून मोजायला लागलास तर नागपूर दोन हजार फुटांवर जाऊन बसेल. आपण हजार फुटांच्या जरा वर आहोत.

पण तोही आकडा रोज तोच येणार नाही. २०३ ची उंची १०१३.२५ हेक्टोपास्कल हा दाब पाया धरून काढतात. एका हेक्टोपास्कलमागे सत्तावीस-अठ्ठावीस फुटांचा फरक पडतो. मे महिन्यात दुपारी आपल्याकडे दाब उतरतो आणि टेबलावर ठेवलेला डबा तिथल्या तिथे दोनतीनशे फूट वर चढलेला दिसतो. मुलं तेव्हा कोडमध्ये चूक शोधत बसतात. त्या दिवशीच्या हवामानाचा दाब वहीत लिहून ठेव, हिशोब जुळेल.

आणि ३० व ३१ हे बिट आधी बघ. दोन्ही एक असतील तरच आकडा खरा. दोन्ही शून्य म्हणजे डबा स्वतःच सांगतोय की बिघाड आहे. मी अशी प्रोजेक्टं पाहिली आहेत ज्यांत सुंदर आलेख काढला होता आणि हे दोन बिट पाहिलेच नव्हते.

ताई, मी एका दुरुस्ती केंद्रात ट्रेनी आहे. टेस्ट बेंचवर १५५३ या विमानातल्या डेटा बसचं यूएसबी कार्ड मॉनिटर म्हणून, म्हणजे नुसतं ऐकायला, लावलंय. दहातले आठ मेसेज बरोबर येतात, दोन चुकीचे. सीनिअर म्हणतात कार्ड स्वस्तातलं आहे, बदला. खरंच कार्डाचा दोष असेल का?
*– वर्धा रोड*

असेलही, पण आधी बसची टोकं बघा. वरच्या उत्तरात मी रोध काढ म्हटलं, इथे लावा म्हणते. मिल-स्टँडर्ड-१५५३बी च्या बसला दोन्ही टोकांना टर्मिनेटर हवाच, साधारण ७८ ओमचा. बेंचवर एक टोक उघडं राहिलेलं मी इतक्या वेळा पाहिलंय की कार्डाच्या किमतीवर बोलण्याआधी मी मल्टिमीटर उचलते. वीज बंद करा, कपलर, म्हणजे उपकरणं बसला जोडणारे जोड, काढून ठेवा आणि बसच्या दोन तारांमध्ये रोध मोजा. ३९ ओमच्या आसपास आला तर दोन्ही टर्मिनेटर आहेत. ७८ आला तर एक गायब आहे. उघड्या टोकावरून सिग्नल परत फिरतो आणि येणाऱ्या बिटांत मिसळतो, म्हणूनच तुमचे सगळे नाही, काहीच मेसेज बिघडतात.

दुसरं, कार्ड बसला कशाने जोडलंय? ट्रान्सफॉर्मर कपलरमधून आलात तर २० फुटांपर्यंतचा स्टब, म्हणजे बसपासून कार्डापर्यंतची फांदी, चालतो, थेट जोडलंत तर १ फूटच. बऱ्याच कार्डांवर दोन्ही सोयी असतात आणि त्यातली एक सॉफ्टवेअरमधून निवडावी लागते. कपलर लावलाय आणि कार्ड ‘थेट’वर आहे, असं झालं तर व्होल्टेजचं गणित फिसकटतं. उन्हाळ्यात आणखी एक पाहा. कूलरचा पंप आणि बेंच एकाच सॉकेटपट्टीवर असतील तर वेगळे करा, आणि केबलचं शील्ड दोन्हीकडे नीट जोडलंय की नुसतं गुंडाळून ठेवलंय ते बघा.

सीनिअर स्वस्त म्हणतात त्यातला अर्धा भाग मात्र बरोबर आहे. १५५३ वर बस कंट्रोलरने, म्हणजे बसवर हुकूम देणाऱ्याने, विचारलं की टर्मिनलने, म्हणजे जोडलेल्या उपकरणाने, ४ ते १२ मायक्रोसेकंदांत उत्तर द्यायचं असतं. विंडोज चालवणाऱ्या संगणकाला हे जमणं शक्य नाही. म्हणून कार्डावर स्वतःचा प्रोसेसर आणि स्वतःची मेमरी असते. संगणक मेमरीत माहिती ठेवतो आणि बोलायचं काम कार्ड करतं. पैसे त्याचेच असतात. पण नुसतं ऐकायचं असेल तर साधं कार्डही पुरतं.

तुम्ही मॉनिटर म्हणून लावलंय म्हणता, तर माझ्यावर आलेला प्रसंग सांगते. एका प्रयोगशाळेत मीही असंच ऐकायला बसले होते. सॉफ्टवेअर उघडलं, त्याने आदल्या दिवशीची सेटिंग उचलली आणि त्या सेटिंगमध्ये कार्ड बस कंट्रोलर होतं. बसवर एक कंट्रोलर आधीच बोलत होता. दोघांचे हुकूम एकमेकांवर आदळले आणि तपासायला ठेवलेल्या डब्याने आपल्या स्मृतीत बिघाडांची रांग नोंदवली. त्या नोंदींवरून डबा सदोष ठरवून निर्मात्याकडे पाठवला गेला. कित्येक आठवड्यांनी तो परत आला, सोबत शेरा: नो फॉल्ट फाउंड. डबा धडधाकट होता, बिघाड मी केला होता. तो कळल्या दिवशी मी वरिष्ठांना लेखी दिलं. ते लिहिताना हात जड झाला होता, पण दिलं नसतं तर पुढचा डबाही तसाच गेला असता. तेव्हापासून ऐकायच्या कामाला ज्याचं ट्रान्समिशन जंपरने बंद करता येतं तेच कार्ड घेते, जंपर डोळ्यांनी बघते आणि मगच केबल लावते. सॉफ्टवेअरमध्ये खूण आहे म्हणून समाधान मानत नाही. तुम्हीही मानू नका.

मुलगा बारावीला आहे. त्याला या कामाची आवड आहे. नागपूर विमानतळाजवळच्या मिहानमध्ये त्याला भविष्य आहे का? काय शिकवावं?
*– एक आई, वर्धा*

मिहानमध्ये विमानं दुरुस्तीला येतात, हँगर उभे आहेत, काम आहे. विमानावर प्रत्यक्ष सही करायची असेल तर डीजीसीएचा एएमई, म्हणजे विमान देखभाल अभियंत्याचा, परवाना लागतो आणि एव्हिऑनिक्ससाठी त्यातला बी-२ हा प्रवर्ग. कार्डं बनवायची असतील तर इलेक्ट्रॉनिक्सची पदवी. दोन्हीकडे सोल्डरिंगचा हात आणि मोठे इंग्रजी मॅन्युअल न कंटाळता वाचायची सवय उपयोगी पडते. ती सवय आत्तापासून लावा, त्याला पैसे लागत नाहीत.

मी टपाल खात्यातून निवृत्त झालो, वय ७४. नातू सांगतो की नव्या विमानांत घरच्यासारखंच इथरनेट असतं. मग लॅपटॉपची नेहमीची वायर खोचून का भागत नाही? ही वेगळी महाग कार्डं कशाला? माझे वडील नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर रात्रीच्या हवाई टपालाच्या कामावर होते, म्हणून विमानाचं काहीही कुतूहलाने वाचतो.
*– धंतोली*

काका, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुमच्या वडिलांचं काम डोळ्यांपुढे ठेवूनच उत्तर देते.

नातू बरोबर सांगतो. एअरबस ए-३८० आणि बोइंग ७८७ मध्ये एएफडीएक्स नावाचं जाळं आहे, १०० मेगाबिटचं, आणि त्याचा पाया इथरनेटचाच. पण घरच्या इथरनेटवर माहितीचं पाकीट कधी पोचेल याची हमी नसते. गर्दी झाली तर ते थांबतं, फारच झाली तर टाकून दिलं जातं. सिनेमा बघताना चित्र क्षणभर अडकलं तर चालतं, विमानाच्या पंखावरच्या फ्लॅपला चालत नाही.

१९४९ मध्ये सुरू झालेल्या त्या टपालसेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून निघालेली विमानं मध्यरात्री आपल्या सोनेगावला एकत्र यायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या गावी परतायची. एएफडीएक्सचा स्विच म्हणजे ते सोनेगाव. प्रत्येक थैलीचा मार्ग आधीच ठरलेला असतो, त्याला व्हर्च्युअल लिंक म्हणतात. एका मार्गावर दोन थैल्यांमध्ये कमीत कमी किती वेळ जायला हवा तेही ठरलेलं, १ ते १२८ मिलिसेकंद. घाई झाली म्हणून कोणी आधी थैली पाठवली तर स्विच ती घेत नाही. शिवाय प्रत्येक थैलीची हुबेहूब जोडी दुसऱ्या, पूर्ण वेगळ्या जाळ्यावरून निघते. जी आधी पोचेल ती घ्यायची, मागून येणारी सोडून द्यायची.

लॅपटॉपची वायर तिथे बसेल, काही पाकिटं दिसतीलही. पण दोन जाळी एकाच वेळी ऐकणं, जोडीतली पहिली कुठली आणि किती मायक्रोसेकंदांनी आली हे टिपणं आणि स्वतः पाठवायची वेळ आली तर ठरलेलं अंतर अचूक पाळणं, हे लॅपटॉपच्या जाळ्याच्या चिपकडून होत नाही. कार्ड त्यासाठी लागतं.

एक विचारते, काका. चारांपैकी एखादं विमान उशिरा आलं तर बाकीची तीन थांबत, की त्याच्या थैल्या सोडून निघत? वडिलांनी कधी सांगितलं असेल तर जरूर लिहून पाठवा. पुढच्या अंकात त्या पत्रासाठी जागा राखून ठेवते.