पुणे जिल्ह्यात दरड किंवा भूकंपासारख्या आपत्तीची आठवण म्हणून एखाद्या गावात शिल्प किंवा स्मारक आहे का?

आहे, आंबेगाव तालुक्यातल्या माळीणला. शिल्प म्हणाल तर नाही, स्मृतिस्तंभ आहे. पुतळा-बितळा नाही, आणि माझ्या मते तेच बरं. ३० जुलै २०१४ च्या सकाळी मुसळधार पावसात डोंगर खाली आला आणि १५१ माणसं गेली. घरंच्या घरं गाडली गेल्यामुळे बाहेर लगेच बातमीही पोचली नाही. नेहमीची एसटी घेऊन आलेल्या चालकाला गाव जागेवर दिसेना, तेव्हा बाहेर कळलं. स्तंभ त्याच दुर्घटनेच्या जागी आहे. वाचलेल्यांचं नवं गाव जवळच आमडे इथे वसवलं, २०१७ मध्ये.

जायचं तर पुणे-नाशिक रस्त्याने मंचर, तिथून घोडेगाव, डिंभे. ३० जुलैला नातेवाईक श्रद्धांजलीला जमतात, त्या दिवशी बघ्यांनी न गेलेलं चांगलं. भर पावसात तर नकोच, घाटाकडचा भाग आहे. आणि हो, सेल्फी स्टिक गाडीतच राहू द्या.

पानशेतचा १९६१ चा पूर यात धरू नका, तिथे धरण फुटलं होतं.