दोन व्होल्टमध्ये स्नायू कसा हलतो?

प्रश्न : मऊ रोबॉटच्या कृत्रिम स्नायूंना हजारो व्होल्ट लागतात असं आम्हाला शिकवलं. पण एका लेखात दोन व्होल्टवर वाकणाऱ्या पट्टीबद्दल वाचलं. दोन्ही खरं कसं? आणि तिथे इलेक्ट्रोडच्या नॅनोरचनेला एवढं महत्त्व का?
– अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी

उत्तर : दोन्ही खरं आहे. तुम्हाला शिकवलेल्या प्रकारात दोन इलेक्ट्रोडांमध्ये रबरासारखा, वीज न वाहू देणारा थर असतो. तो काही दहा मायक्रोमीटर जाडीचा, आणि सगळं व्होल्टेज त्या पूर्ण जाडीवर विभागलं जातं. म्हणून हजारो व्होल्ट. दुसऱ्या प्रकारात इलेक्ट्रोडांमधल्या ओल्या पटलातले आयन, म्हणजे विद्युतभारित कण, सरकून इलेक्ट्रोडला चिकटतात आणि व्होल्टेज जेमतेम नॅनोमीटरभर थरावर पडतं. तिथे एका व्होल्टनेही प्रचंड विद्युतक्षेत्र तयार होतं. आयनांची गर्दी होते ती बाजू फुगते आणि पट्टी उलट दिशेला वाकते.

आता इलेक्ट्रोडकडे येऊ, कारण माझी बरीच वर्षं त्यातच गेली. सपाट धातूच्या एका चौरस सेंटिमीटरवर साधारण दहा-वीस मायक्रोफॅरडच धारिता, म्हणजे विद्युतभार साठवायची क्षमता, मिळते. आयन थोडेच जमले तर वाकणंही थोडंच. व्होल्टेज वाढवावं तर पटलातल्या पाण्याचं विद्युत अपघटन, म्हणजे विजेनं होणारं विघटन, आडवं येतं. त्याची सैद्धांतिक सुरुवात 1.23 व्होल्टलाच होते. मग वाढवायचं ते पृष्ठफळ. ग्रॅफीनचं, म्हणजे कार्बनच्या एका अणूएवढ्या जाडीच्या पापुद्र्याचं, सैद्धांतिक पृष्ठफळ ग्रॅममागे 2630 चौरस मीटर आहे! 1999 मध्ये कार्बन नॅनोट्यूबच्या (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांच्या) कागदासारख्या पट्ट्या मिठाच्या पाण्यात सुमारे एका व्होल्टवर हलवून दाखवल्या गेल्या, तेव्हापासून हा मार्ग खुला झाला.

पण ग्रॅफीनच्या पृष्ठफळाचा तो आकडा फसवा आहे, हे मला कळकळीनं सांगायचंय. आयन जिथे पोचतच नाहीत ते पृष्ठफळ कामाचं नाही. ग्रॅफीनचे पापुद्रे वाळताना एकमेकांवर चिकटून बसतात. छिद्रं फार बारीक असली तर आयन पोचतात, पण इतके सावकाश की पट्टी आळसावते. म्हणून मोठ्या वाटा आणि त्यांना फुटलेल्या बारीक गल्ल्या, अशी रचना लागते. शिवाय ती वाकूनही अखंड राहायला हवी.

माझी पहिली पट्टी प्लॅटिनमची होती. बरेच झोके घेतल्यावर चिमट्याजवळचा भाग हलत होता, टोक मात्र ढिम्म. सूक्ष्मदर्शकाखाली धातूवर आटलेल्या तळ्यासारख्या भेगा दिसल्या. टोकापर्यंत वीजच पोचत नव्हती. नॅनोट्यूबचं जाळं इथे उजवं ठरतं, कारण वाकताना तंतू एकमेकांवरून सरकतात आणि वाट तुटत नाही.

तेव्हा ‘दोन व्होल्टवर वाकली’ एवढ्यावर थांबू नका. किती वेगानं, किती वेळा, आणि उघड्या हवेत की पाण्यात, हेही त्या लेखात शोधा. माझी ती पट्टी पाण्याबाहेर काढली की थोड्याच वेळात सुकून थांबायची. पाण्याऐवजी न उडणारे आयनी द्रव, म्हणजे द्रवरूप क्षार, भरायला लागलो, तेव्हा कुठे हवेतली मापं घेता आली.