कोल्हापुरात बसून टाकलेली ऑर्डर उशिरा लागते का?

तुमचा प्रश्न असा, की राजारामपुरीतल्या घरून मोबाईलवर शेअरची ऑर्डर टाकता, दिसलेल्या भावाला ती बहुतेक वेळा लागत नाही. मुंबईत बसलेल्याला यात फायदा मिळतो का, आणि जास्त वेगवान ॲप असलेला ब्रोकर शोधावा का? शाहूपुरीत सब-ब्रोकरच्या ऑफिसात मी चौदा वर्षं टर्मिनलवर बसतोय. हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी समोर येतोच.

आधी अंतराचं बघू. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो. इथून मुंबई चारशेच्या आत-बाहेर किलोमीटर. म्हणजे तारेतून एका बाजूला जायला जेमतेम 2 मिलिसेकंद. तार सरळ जात नाही, मधे यंत्रं लागतात, तरी हिशेब सहसा मिलिसेकंदांतच राहतो. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. त्या दोन मिलिसेकंदांसाठी जे भांडतात ते एक्सचेंजच्या आवारातच भाड्यानं जागा घेऊन स्वतःचे सर्व्हर ठेवतात. दादरमध्ये मोबाईल घेऊन बसलेला माणूस त्यांच्यापुढं तुमच्याइतकाच मागं आहे. तेव्हा कोल्हापूरचा दोष मनातून काढून टाका.

मग भाव का बदलतो? मागच्या वर्षीचा एक सौदा मी वहीत उतरवून ठेवलाय, नव्या गिऱ्हाइकांना दाखवायला. कागलचे एक निवृत्त शिक्षक, नातीच्या फीसाठी एका छोट्या कंपनीचे 500 शेअर विकायचे होते. ॲपवर भाव 212.50 दिसत होता. त्यांनी मार्केट ऑर्डर टाकली, आणि सरासरी पडली 209.82. दुपारी ऑफिसात आले ते तापलेलेच. "तुमची सिस्टीम स्लो आहे, माझे हजार रुपये गेले." मी म्हटलं, सर, बसा, आधी ट्रेड बुक (झालेल्या सौद्यांची यादी) बघू. ऑर्डर एका सेकंदाच्या आत पूर्ण झाली होती. त्या क्षणी घेणारे असे उभे होते: 212 ला 60 शेअर, 211.40 ला 85, 210.50 ला 120, 209 ला 150 आणि 207.20 ला 200. मार्केट ऑर्डर म्हणजे "मिळेल त्या भावाला विका". ती वरून खाली एकेक पायरी खात गेली आणि शेवटचे 85 शेअर 207.20 ला गेले. हातात आले 1,04,911 रुपये. सगळे 212 ला गेले असते तर 1,06,000. म्हणजे 1,089 चा फरक, आणि त्यात वेगाचा एक पैसाही नाही. 212.50 हा आधी झालेल्या कुणाच्या तरी सौद्याचा भाव. तो तुम्हाला कुणी देऊ केलेला नसतो.

मार्केट यार्डात गुळाचा सौदा बघितला असेल तर हे लगेच कळेल. काल रवे कितीला गेले हे सगळ्यांना माहीत असतं, पण आज बोली लावायला कोण उभं आहे आणि त्याला किती रवे हवेत, त्यावर तुमची पट्टी ठरते. ॲपमध्ये हीच गोष्ट 'मार्केट डेप्थ'मध्ये दिसते, घेणाऱ्यांचे पाच भाव, विकणाऱ्यांचे पाच, आणि प्रत्येक भावाला किती माल ते. ऑर्डर टाकण्याआधी ती उघडा. समोर तुमच्या मालापेक्षा कमी मागणी असेल तर लिमिट लावा, म्हणजे याच्या खाली विकायचं नाही असा भाव ऑर्डरमध्येच द्या. एक्सचेंजवर आधी भाव आणि भाव सारखा असेल तर आधी आलेला, असाच क्रम लागतो. त्यामुळे लिमिटवाली ऑर्डर थांबते, तशीच पडूनही राहू शकते, पण तुम्ही ठरवलेल्याच्या खाली जात नाही.

खरोखर उशीर होतच नाही असं मी म्हणत नाही. तो बहुतेक 9:15 ला, बाजार उघडताना होतो. सगळा देश एकाच क्षणी बटण दाबतो आणि ब्रोकरचा सर्व्हर दमतो. प्रत्येक ऑर्डर आधी ब्रोकरच्या आरएमएसमधून (जोखीम तपासणाऱ्या यंत्रणेतून) जाते, तुमचे पैसे, मार्जिन, शेअर तपासले जातात, मगच एक्सचेंजकडं. मी स्वतः एकदा या वेळी पोळलोय. ॲपवर चाक फिरत राहिलं, मी ऑर्डर बुक (टाकलेल्या ऑर्डरींची यादी) न बघता तीनदा दाबलं, आणि तिन्ही ऑर्डर लागल्या. तिप्पट माल अंगावर आला आणि भाव खाली. तेव्हापासून एक नियम पाळतो: चाक फिरलं की आधी ऑर्डर बुक उघडायचं, दुसऱ्यांदा दाबायचं नाही. सकाळीच विकायचं ठरलेलं असेल तर 9 ते साधारण 9:08 च्या प्री-ओपनमध्ये, म्हणजे बाजार उघडण्याआधीच्या सत्रात, लिमिट टाकून मोकळे व्हा. डीमॅटमधले शेअर विकायचे असतील तर विक्रीला परवानगी देण्याचं टीपीन-ओटीपीचं काम बाजार उघडायच्या आधी उरका. ऐन वेळी ओटीपीची वाट बघण्यात जाणारा मिनिटही लोक ॲपच्या नावावर टाकतात.

वीज किंवा नेट गेलं तरी अडायला नको म्हणून राउटरला छोटा इन्व्हर्टर जोडा आणि फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम ठेवा. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत आलं तेव्हा आम्ही फोन करून तोंडी ऑर्डर दिल्या होत्या. तुमच्या ब्रोकरचा डीलिंग नंबर (फोनवर ऑर्डर घेणारा) आजच सेव्ह करा.

स्टॉपलॉसचंही, म्हणजे भाव ठरावीक पातळीला आला की तोटा थांबवायला आपोआप सुटणाऱ्या ऑर्डरचंही सांगतो, कारण तिथं नुकसान मोठं होतं. ऑप्शनमध्ये एनएसईनं सप्टेंबर 2021 पासून एसएल-एम ऑर्डर (स्टॉपलॉस सुटला की मिळेल त्या भावाला विकणारी) बंद केली. आता ट्रिगर (ज्या भावाला ऑर्डर सुटते तो) आणि लिमिट दोन्ही द्यावे लागतात. दोन्ही एकाच भावाला ठेवले तर भाव झपकन खाली उडी मारतो आणि तुमची ऑर्डर वर लटकत राहते. मधे अंतर ठेवा.

ब्रोकर बदलायच्या आधी एक काम करा. दहा दिवस प्रत्येक ऑर्डरला बटण दाबल्याची वेळ सेकंदासकट लिहा. संध्याकाळी ब्रोकरकडून काँट्रॅक्ट नोट (दिवसाच्या सौद्यांचा हिशेब) येते, तिच्यात ऑर्डर नंबर, ऑर्डरची वेळ आणि सौद्याची वेळ असते. तुमची वेळ आणि ऑर्डरची वेळ यात वारंवार कित्येक सेकंदांचा फरक निघाला तर घोळ तुमच्या नेटमध्ये नाहीतर ब्रोकरकडं आहे. घरचं वायफाय आणि मोबाईल डेटा आलटून-पालटून वापरलंत की कुठं ते कळेल. ऑर्डर लगेच पोचली, पण सौदा उशिरा झाला, तर समोर घेणाराच नव्हता, आणि ब्रोकर बदलून तो येणार नाही.

ब्रोकरकडंच अडकत असेल तर त्यांना ईमेलवर लेखी कळवा आणि त्या ऑर्डरचा लॉग मागा. बाजाराची नियामक संस्था सेबी, तिच्या नोव्हेंबर 2022 च्या परिपत्रकात ब्रोकरची यंत्रणा सलग 5 मिनिटं किंवा जास्त बंद पडणं, मंदावणं हाही तांत्रिक बिघाड धरलाय. उत्तर समाधानकारक नसेल तर स्कोअर्सवर, म्हणजे सेबीच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर, तक्रार करा, ती मोबाईलवरूनही करता येते. त्या वेळी ॲपच्या स्क्रीनशॉटमध्ये घड्याळ दिसेल असं बघा.

दहा दिवसांच्या नोंदी झाल्या की इथंच खाली टाका, क्लायंट कोड आणि ऑर्डर नंबर झाकून. मी बघून सांगतो.