पाय गार असेल तर थांब

नर्व्ह कंडक्शन, म्हणजे नसेतून विजेचा संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी तपासणी, करायला बसलास की मशीनच्या आधी पेशंटच्या पायाला हात लावून बघ. एसीत पाय गार पडतात. त्वचेचं तापमान एका अंशाने उतरलं तरी नसेतला वेग सेकंदाला साधारण २ मीटरने कमी दिसतो, आणि धडधाकट माणसाच्या रिपोर्टवर न्यूरोपॅथी (नसांचा आजार) लिहिली जाते. शेकून पाय ३२ अंशांच्या आसपास आण, मगच इलेक्ट्रोड लाव. मधुमेह्याला चटका कळत नाही, तेव्हा पिशवी कोमटच हवी.

स्युरलला, म्हणजे पोटरीमागून जाणाऱ्या संवेदनेच्या नसेला, घाई नको. करंट द्यायच्या जागेपासून इलेक्ट्रोडपर्यंतचे पोटरीवरचे १४ सेंटिमीटर टेपने मोज, अंदाजाने नाही. स्क्रीनवरची लहर वाढायची थांबली तरी करंट आणखी २० टक्के वाढवून खात्री कर.

पाय जळजळतात म्हणणाऱ्याचा रिपोर्ट नॉर्मल आला, तर त्याला खोटं ठरवू नकोस. जळजळ पोचवणारे नसांतले बारीक तंतू या तपासणीत दिसतच नाहीत.