“टाळू भरली नाही, यात माझं काय चुकलं?”

मुलगी सात वर्षांची. दुधाचे दात पडायचं नाव नाही, एक्स-रेमध्ये जबड्यात जादा दातांची गर्दी, आणि टाळू अजून मऊ. एरवी ती दीड-दोन वर्षांत भरते. “कॅल्शियमच्या गोळ्या मी नीट घेतल्या नव्हत्या,” आई बसता बसताच म्हणाली. कुणीतरी कधीतरी तसं बोललं होतं आणि ते तिच्या मनात रुतून बसलं होतं.

तेवढ्यात मुलीने दोन्ही खांदे पुढे आणून छातीसमोर जवळजवळ टेकवले. मला गंमत दाखवत होती. बाबा हसून म्हणाले, “हे मलाही येतं.”

गळ्याची हाडं अपुरी असतील किंवा नसतीलच, तरच खांदे असे जुळतात. बाबांनाही लहानपणी जादा दात काढावे लागले होते. रक्ततपासणीत दोघांच्याही रंक्स-२ जनुकात तोच बदल सापडला. आजाराचं नाव क्लायडोक्रेनियल डिस्प्लेसिया. हे जनुक हाड तयार करणाऱ्या पेशी घडवतं. त्याच्या दोनपैकी एक प्रत बिघडली, तरी हाडं उशिरा आणि अर्धवट बनतात. गोळ्यांचा यात काही संबंध नाही.

आई रडली. मोकळी झाली, असं मला वाटलं. पण बाबा गप्प झाले होते. “म्हणजे माझ्यामुळे.”

इथे घाई करायची नाही, हे मी अशाच घरांकडून शिकले आहे. एकाचा अपराधीभाव उतरला की तो दुसऱ्याच्या खांद्यावर जाऊन बसतो. मी त्यांना एवढंच विचारलं, “तुमचं आयुष्य कसं गेलं?” शिक्षण, नोकरी, संसार, सगळं सांगून झालं. बुद्धीवर या आजाराचा परिणाम होत नाही, हे मी निराळं सांगायची गरजच उरली नाही.

दुसऱ्या मुलाबद्दल त्यांनी विचारलं तेव्हा स्पष्ट सांगितलं: दर गरोदरपणात शक्यता निम्मी. पहिलीला आहे म्हणून दुसऱ्याला टळेल, असा हिशेब नसतो. जनुकातला बदल कळल्यामुळे गर्भाची तपासणी करता येते. करायची की नाही, ते दोघांनी ठरवायचं.

मुलीसाठी मात्र कामं ठरलेली होती. टाळू उघडी असेपर्यंत खेळताना हेल्मेट, कानांची नियमित तपासणी, आणि जादा दात काढून कायमचे दात जागेवर आणायचे टप्प्याटप्प्याचे उपचार. त्यांना काही वर्षं लागतात.

पुढच्या भेटीत बाबा स्वतःचा जुना दातांचा एक्स-रे घेऊन आले. मुलीला शेजारी बसवून दोन्ही फिल्म उजेडात धरल्या आणि दोघं जादा दात मोजत बसले.